दंतवैद्यकासाठी परदेश : अर्ज मुलांचा, परीक्षा बापाच्या वहीखात्याची

बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला की जळगावच्या फुले मार्केटपासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत आपल्या दुकानांच्या ओट्यांवर एकच चर्चा सुरू होते. कुणाच्या मुलीचे एम.बी.बी.एस. थोडक्यात हुकलेले असते, कुणाच्या मुलाला बी.डी.एस.ची जागा मिळत असते. घ्यावी की सोडावी? तेवढ्यात कुणीतरी सांगतो, "घ्या, दाताची डॉक्टरी करून पोराला अमेरिकेला पाठवा, तिकडे दाताच्या डॉक्टरला मोठी कमाई आहे." दुसरा म्हणतो, "इथे कशाला? बारावीनंतरच बाहेरच्या देशात पाठवा, स्वस्तात होते." चहा संपतो, चर्चा संपते, पण बापाच्या मनात विचार घर करून बसतो.

हे पान व्यापार-उदिमाचे आहे. मग कॉलेजप्रवेशाचा विषय इथे कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण सरळ आहे. मूल परदेशी दंत महाविद्यालयात पाठविणे हा आपल्यासारख्या दुकानदार-कारागीर घराच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा सौदा असतो. गाळा घेताना आपण उतारा पाहतो, शेजाऱ्याला विचारतो, चार ठिकाणचे भाव काढतो. हा सौदा मात्र पुष्कळदा ऐकीव गोष्टींवर होतो. म्हणून या सौद्याचा जमा-खर्च आज मांडायचा आहे.

रस्ता नवा नाही

परदेशात जाऊन दंतवैद्यक शिकण्याची वाट आपल्या समाजाला नवी नाही. भारतातील आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जाणारे डॉ. रफिउद्दीन अहमद हे पूर्व बंगालमधले. १८९० चा त्यांचा जन्म. अलीगढला शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले आणि १९१५ साली आयोवा विद्यापीठातून डी.डी.एस. ही दंतवैद्यकाची पदवी घेतली. काही काळ बोस्टन येथे लहान मुलांच्या दंतरुग्णालयात काम करून १९१९ साली ते मायदेशी परतले. १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले.

व्यापारी बंधूंनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. या कॉलेजासाठी पैसा उभा करायला डॉक्टरसाहेबांनी कलकत्त्यात 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे शीतपेयांचे दुकान चालविले. म्हणजे देशातले पहिले दंत महाविद्यालय एका दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहिले! पुढे १९४९ साली त्यांनी ते कॉलेज पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आज देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. दुकान आणि तालीम यांचे वैर नाही, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

वाटा दोन, दार शेवटचे पाहावे

परदेशी जाण्याच्या वाटा दोन आहेत. पहिली, बारावीनंतर थेट परदेशात पदवीला जाणे. दुसरी, इथे बी.डी.एस. पूर्ण करून मग जाणे. दोन्हींत एक नियम सारखाच आहे. पदवी एक दार देते आणि रुग्णाच्या तोंडात हात घालण्याची परवानगी दुसरे दार देते. कॉलेज प्रवेश देते, सनद मात्र त्या त्या देशाची परिषद देते. म्हणून मुलाला शेवटी कोणत्या देशात दवाखाना टाकायचा आहे, ते आधी ठरवावे आणि तिथून उलटे मागे यावे. माल घेण्याआधी गिऱ्हाईक पाहावे, तसेच हे आहे.

बारावीनंतर रशिया, फिलिपाईन्स, बांगलादेश, नेपाळ अशा देशांत दंतवैद्यकाला जाता येते. पण तिकडून पदवी घेऊन भारतात काम करायचे, तर परदेशी पदवीधरांसाठी असलेली चाळणी परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती घेते. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय इथे नोंदणी नाही. आधी पैसे भरून मग नियम विचारणाऱ्यांचे हाल होतात. जाण्याआधी 'नीट' आणि पात्रता दाखल्याबाबत भारतातील दंतवैद्यक नियामक संस्थेकडून लेखी खुलासा घ्यावा. तोंडी शब्दावर एक रुपयाही पाठवू नये. राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला आहे, तेव्हा नियम बदलू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरीकडे, आपल्या देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालये आहेत. धुळ्यातच जवाहर मेडिकल फाउंडेशनचे ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालय आहे, पुण्यात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. बी.डी.एस.च्या काही जागा खासगी कॉलेजांत दरवर्षी रिकाम्याही राहतात. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप, अशी पाच वर्षे. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. 'नीट' तर २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. खान्देशातल्या बहुसंख्य घरांसाठी इथे बी.डी.एस. करून मग परदेशाचा विचार करणे, हीच वाट हिशोबाने बरी ठरते. सौदा फिसकटला तरी हातात देशात चालणारी सनद राहते.

कुठे काय मागतात?

अमेरिकेत आपली बी.डी.एस. बहुतेक राज्यांत थेट चालत नाही. तिथल्या दंत महाविद्यालयात परदेशी दंतवैद्यांसाठीच्या खास वर्गात दोन ते तीन वर्षे पुन्हा शिकून डी.डी.एस. किंवा डी.एम.डी. घ्यावी लागते. या दोन्ही पदव्यांचा दर्जा एकच आहे, नावे तेवढी वेगळी. बहुतेक कॉलेजांचा अर्ज 'कॅपिड' या सामाईक केंद्रामार्फत जातो. वसंतात, साधारण मार्चच्या सुमारास, ते उघडते. मुदत मात्र कॉलेजागणिक वेगळी असते. त्याआधी इंग्रजीची टोफेल परीक्षा, पदवीचे अमेरिकन मूल्यमापन, प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि 'आय.एन.बी.डी.ई.' ही राष्ट्रीय परीक्षा, एवढी तयारी लागते. शेवटची परीक्षा दोन दिवसांची, पाचशे प्रश्नांची असते. मुलाखतीला बोलावले की पुष्कळ कॉलेजे नकली दातांवर प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावतात. कारागिराच्या मुलाने इथे बिचकण्याचे कारण नाही, हाताचे कसब आपल्या घरात आहे. पदवीनंतरही ज्या राज्यात दवाखाना टाकायचा, त्या राज्याची सनद घ्यावी लागते.

कॅनडात पुन्हा कॉलेजात न जाताही एक वाट आहे. ज्ञानाची, रुग्णाबाबत निर्णय घेण्याची आणि हाताच्या कामाची, अशा तीन टप्प्यांच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढची सनदेची परीक्षा देता येते. ऑस्ट्रेलियातही कागदपत्रांची तपासणी, लेखी आणि प्रात्यक्षिक, असे टप्पे आहेत. इंग्लंडमध्ये 'ओ.आर.ई.' ही दोन भागांची परीक्षा आहे. तिला रुग्णांवर केलेल्या कामाचे किमान १,६०० तास दाखवावे लागतात आणि जागा मिळायला फार थांबावे लागते.

आखाती देशांत वेगळी पद्धत आहे. तिथे पदवीची आणि अनुभवाची मूळ ठिकाणाहून पडताळणी होते आणि संगणकावर परीक्षा होते. इंटर्नशिपनंतरच्या अनुभवाची अट असते. लग्नानंतर पतीसोबत दुबई किंवा सौदीला गेलेल्या आपल्या मुलींना ही वाट उपयोगी आहे. त्यासाठी लग्नाआधी इथे केलेल्या नोकरीचे दाखले जपून ठेवले पाहिजेत.

यातून व्यापाऱ्याने एवढे टिपावे. अमेरिकेत कॉलेजची फी भरावी लागते, बाकीच्या ठिकाणी मुख्यतः परीक्षांची फी आणि राहण्याचा खर्च. दोन्हींतले अंतर फार मोठे आहे.

हिशोब कागदावर मांडा

अमेरिकेतल्या काही खासगी दंत महाविद्यालयांत वर्षाची फी लाख डॉलरच्या घरात जाते. सोयीसाठी आपण फी ९० हजार डॉलर आणि राहणे-खाणे २५ हजार डॉलर धरू. वर्षाला १ लाख १५ हजार, दोन वर्षांचे २ लाख ३० हजार डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी ही रक्कम १ कोटी ९५ लाख ५० हजार रुपये होते. विमान, विमा, परीक्षा, अर्जाची फी हे सगळे वेगळे. दहा-बारा कॉलेजांना अर्ज केले, तर नुसत्या अर्जांचाच खर्च लाखावर जातो.

हा आकडा वाचून घाबरायचे नाही आणि फुशारकीही मारायची नाही. ज्याची ऐपत आहे त्याने जावे, ज्याची नाही त्याने घर आणि दुकान एका अर्जावर लावू नये. त्याच्यासाठी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखात आहे. आणि आपला जिल्हा तर आहेच.

दोन ताळेबंदांची गोष्ट

आता मूळ मुद्दा. अमेरिकेचे कॉलेज प्रवेशाचे पत्र दिल्यावर व्हिसासाठी लागणारा कागद लगेच देत नाही. निदान पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार, हे आधी दाखवावे लागते. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. म्हणजे अर्ज मुलगा करतो, पण परीक्षा बापाच्या वहीखात्याची होते.

आणि इथेच आपल्यापैकी अनेकांचा पाय अडकतो. केळीची आडत असो, भंगाराची वखार असो की यंत्रमागाचा कारखाना, व्यवहार रोखीचा. माल गेला, पैसा आला, पैसा पुन्हा मालात गेला. धंदा लाखांचा, पण आयकराचे विवरणपत्र एक तर नाही, नाहीतर नावापुरते. व्हिसाच्या खिडकीवर रोजमेळ दाखवता येत नाही.

यात आणखी एक पेच आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ओ.बी.सी., आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटातील ज्या मुली केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जातात आणि ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले. ही फार मोठी सवलत आहे. मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार, मन्यार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओ.बी.सी. यादीत आहेत. यादीत नसलेल्यांना आर्थिक दुर्बल गटाची वाट आहे. ज्याचा हक्क आहे त्याने जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेत काढून ही सवलत जरूर घ्यावी.

पण समजा, एका घराने पाच वर्षे तहसीलमध्ये उत्पन्न सहा लाख दाखविले. सहाव्या वर्षी त्याच घराने वकिलातीत सांगितले की आम्ही दोन कोटींचा खर्च सहज करू. अधिकारी विवरणपत्रे मागतो. मग शेजाऱ्या-पाजाऱ्यांकडून, पाहुण्यांकडून पैसे गोळा करून पंधरा दिवसांसाठी खात्यात ठेवले जातात. एका खात्यात अचानक चाळीस लाख कुठून आले, हे न कळण्याइतके ते लोक अजाण नसतात. व्हिसा नाकारला जातो, कॉलेजला भरलेली अनामत जाते, वर्ष जाते. एकदा खोटा कागद दिल्याचा शिक्का बसला की पुढचे अर्जही अडचणीत येतात. इकडे सवलतीची चौकशी निघू शकते, ते वेगळेच.

तहसीलसाठी एक ताळेबंद आणि वकिलातीसाठी दुसरा, ही गोष्ट कायद्यात बसत नाही आणि दीनमध्येही बसत नाही. माप देताना कमी आणि घेताना पूर्ण, अशा व्यापाऱ्यांना कुरआनने किती सक्त ताकीद दिली आहे, हे आपण जाणतो. कागदावरचे उत्पन्न हेसुद्धा एक मापच आहे. ते दोन्हीकडे सारखे भरले पाहिजे.

म्हणून मूल बी.डी.एस.ला गेले त्याच वर्षापासून घराने खरी वही ठेवायला सुरुवात करावी. जेवढा धंदा तेवढा बँकेतून. दरवर्षी वेळेवर विवरणपत्र. दुकान, प्लॉट, शेत यांचे कागद ज्याच्या नावावर असायला हवेत त्याच्या नावावर. भाऊ-भाऊ मिळून खर्च करणार असतील, तर प्रत्येकाचे विवरणपत्र आणि खर्च उचलण्याचे प्रतिज्ञापत्र. पाच वर्षांत हे काम आरामात होते, पाच आठवड्यांत होत नाही.

नावाचा घोळ

दुसरा अडथळा आपल्या खान्देशी पद्धतीचा. आपल्याकडे दहावीच्या दाखल्यावर 'शेख अमुक शेख तमुक' असे नाव असते. आधारवर आडनाव शेवटी जाते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा राहतो किंवा बापाचे नाव आडनाव होऊन बसते. इंग्रजीत 'शेख' तीन तऱ्हांनी लिहिला जातो, 'सय्यद' चार तऱ्हांनी, 'मोहम्मद' कुठे पूर्ण तर कुठे दोनच अक्षरांत. आपल्याला तो एकच मुलगा दिसतो. परदेशी कार्यालयाला मात्र तीन वेगळी माणसे दिसतात आणि अर्ज बाजूला पडतो.

दहावीच्या दाखल्यातली चूक शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडून, तीही शक्य तितक्या लवकर, दुरुस्त करावी. नाव बदलायचेच असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. मग पासपोर्ट, पॅन, आधार, विद्यापीठाची पदवी हे सगळे एकाच नावावर, एकाच स्पेलिंगवर आणावे. विद्यापीठाची गुणपत्रके आणि विषयवार तासांचा दाखला इंटर्नशिप चालू असतानाच मागून ठेवावा. पुढे नाशिकच्या खेपा वाचतात.

व्याजाचा प्रश्न

पैसा उभा करताना आपल्या घरात पहिला प्रश्न व्याजाचा निघतो, आणि तो निघायलाच हवा. बँकेचे शैक्षणिक कर्ज व्याजाचे असते, मोठ्या रकमेला तारणही लागते. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी तिची मर्यादा ३० लाखांपर्यंत आहे. व्याज बँकेपेक्षा कमी आहे, पण आहे. केंद्राची 'पढो परदेश' ही व्याज सवलतीची योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. कुणी तिच्या नावाने अर्ज भरून घेत असेल, तर सावध राहावे.

बिनव्याजी सोयीही आहेत, त्या आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. के. सी. महिंद्रा न्यासाची परदेशातील पदव्युत्तर शिक्षणासाठीची कर्जरूप शिष्यवृत्ती १९५६ पासून चालू आहे आणि ती बिनव्याजी आहे. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनचीही बिनव्याजी योजना आहे. या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. तेव्हा आपला अभ्यासक्रम त्यांच्या नियमात बसतो का, हे अर्जाआधी विचारून घ्यावे. रक्कम पूर्ण खर्चाला पुरणार नाही, पण मोठा भार हलका होतो. बाकीची रक्कम कुटुंबाने कर्जे हसना म्हणून एकमेकांना द्यावी. मात्र ती लिहून द्यावी, साक्षीदार ठेवावेत आणि बँकेतून द्यावी. उधार लिहून ठेवण्याचा हुकूम आपल्याला आहेच. व्याजाबाबत ज्याला शंका असेल, त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे.

पैसा पाठविताना

परदेशात फी पाठवायची ती बँकेमार्फत, थेट विद्यापीठाच्या खात्यात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम कायदेशीर मार्गाने पाठविता येते. ठरलेल्या मर्यादेच्या वर बँक काही कर कापते. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. आखातात पाहुणे आहेत म्हणून हवाल्याने पैसे फिरवू नयेत. तो गुन्हा आहे, आणि त्या पैशाचा कागदही राहत नाही.

एजंटांबद्दल दोन शब्द. सगळेच वाईट नसतात. पण जो "ॲडमिशन पक्की, परीक्षा लागत नाही, रोख द्या" असे म्हणतो, त्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये. अर्जाचा पासवर्ड मुलाकडे असावा, ई-मेल मुलाचा असावा, आणि अर्जातले निवेदन मुलाने स्वतः लिहिलेले असावे. मुलाखतीत प्रश्न त्यालाच विचारतात.

शेवटी

ज्या घरात आज मूल आठवी-नववीत आहे, त्या घराच्या हातात आठ-दहा वर्षे आहेत. इंग्रजी सुधारायला, नाव सरळ करायला, वही खरी करायला एवढा वेळ भरपूर आहे. समजा, मूल पुढे परदेशी गेलेच नाही. तरी दुकानाचा हिशोब स्वच्छ झालेला असेल, बँकेत पत वाढलेली असेल, घरातला एक दवाखाना जळगाव-धुळ्यातच उभा राहिला असेल. हा सौदा कोणत्याही बाजूने तोट्याचा नाही.

तेव्हा बंधूंनो, मुलाच्या अर्जाची सुरुवात परदेशी कॉलेजच्या माहितीपत्रकापासून करू नका, आपल्या गल्ल्याशेजारच्या वहीपासून करा. अल्लाह आपल्या मुलामुलींना नफा देणारे इल्म देवो आणि आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.